उन्हाळ्याचं मेण

फोन आला तेव्हा मी शारजाच्या औद्योगिक भागातल्या आमच्या एसीच्या वर्कशॉपमध्येच होतो. माझ्या जोडीने काम करणारा एली गेला. झोपेतच, हार्ट अटॅकने. आदल्याच शुक्रवारी तो रोल्लाला आमच्या घरी जेवला होता आणि निघताना दारामागच्या स्कींवर थाप मारून म्हणाला होता, "अबू सना, इस साल पक्का. इन्शाल्ला." सनाचा बाप म्हणून मी अबू सना, त्याच्या लेबनॉनची ही रीत. दिवसभर लोकांचे एसी दुरुस्त करणाऱ्या या माणसाच्या स्वतःच्या खोलीतला एसी चालेल तर शपथ, म्हणून त्याच्या बर्फावर घसरायच्या त्या लांब पट्ट्या उकाड्यात खराब होऊ नयेत म्हणून आमच्याकडे असायच्या.

एली त्याच्या देशाकडून स्कीच्या शर्यतीत उतरायचा. लेबनॉनात बर्फ पडतो हे मला रत्नागिरीच्या माणसाला काय ठाऊक? आधी मी त्याला थापाड्याच समजलो. लढाईमुळे डोंगराचा रस्ता बंद, अर्धा हिवाळा सराव नाही. युरोपात शर्यतीला गेलं की अनोळखी देशाचा म्हणून त्याची पाळी शेवटी. नावाजलेले आधी उतरायचे, त्यांच्या वळणांनी उतारावर चर पडायचे आणि त्या चरांतून हा खाली यायचा. कोरा बर्फ त्याच्या वाट्याला कधी आलाच नाही. लहानपणी सनाने एकदा विचारलं, "अंकल, डिड यू एव्हर विन?"

"नो, हबीबती," तो हसून म्हणाला, "बट आय केम डाउन."

पुढे एका शर्यतीत तेवढंही जमलं नाही. पडला, गुडघा गेला आणि नव्वदच्या दशकाच्या मध्यावर तो इथे वाळवंटात पोटासाठी आला.

हिवाळा संपला की उन्हाळ्यात तळ सुकू नये म्हणून स्कीला खालून मेणाचा जाड थर द्यायचा आणि तो पुढच्या पहिल्या बर्फाला खरवडून काढायचा, ही त्या लोकांची पद्धत. एली दर मे महिन्यात आमच्याच इस्त्रीने मेण लावायचा. खरवडायची वेळ मात्र येत नसे. जुन्या थरावर नवा थर चढायचा. माझ्या शर्टांवर डाग पडायचे आणि बायको करवादायची, "एलीभाई, ये आदमी काम पे क्या पहनके जाएगा?" मग दुबईत मॉलमध्ये छपराखाली बर्फाचा उतार करणार, असं छापून आलं. डॉक्टरांनी गुडघा खलास म्हणून सांगितलं होतं, पण एली ऐकेना. त्याला एकदाच उतरायचं होतं, सगळ्यांच्या आधी, कोऱ्या बर्फावर. खरवडायची पट्टीसुद्धा त्याने पुसून ठेवली होती...

तो उतार अजून बांधूनच झालेला नाही. झाला तरी मी बघायला जाणार नाही. स्कींचं काय करायचं म्हणून त्याच्या बहिणीला फोन केला, तर ती रडत म्हणाली, "थ्रो देम." मला तिचा राग आला. नंतर तोही राहिला नाही.

परवा मे लागला. मी न सांगताच बायकोने इस्त्री तापवून दिली. एली लावायचा तसंच मी मेण लावलं. खरवडणार कोण, हे तिने विचारलं नाही. सकाळी शर्टाच्या कॉलरवर डाग होता. तोच शर्ट घालून कामावर गेलो.