झाकण उलटं ठेवलेली वाटी

पिपलानीत, बाबांच्या प्लांटच्या वसाहतीतल्या आमच्या ओळीत बारा क्वार्टर होते, आणि बाराही इतके सारखे की ड्यूटीवरून दमून आलेले बाबा एकदा शेजारच्या घरात शिरले, हातपाय धुतले, अर्धी थाळी जेवले आणि "आज भाजीत मीठ बरोबर पडलंय" असं म्हणाले, तेव्हा कुठे त्यांना शंका आली. आई ही गोष्ट साफ नाकारते. मी मात्र दर वर्षी ती थाळी थोडी मोठी करत आलेय.

त्या उन्हाळ्यात माझं उजवं मनगट सुजलं. इतकं, की बांगडी कापायला प्लांटमधून वेल्डर बोलवावा लागला असता. मी घरी बसून पुण्याच्या एका कंपनीचं प्रोग्रामिंग करायची, दिवसभर माउस ढकलायची. डॉक्टर म्हणाले, "दो महीने माउस को हाथ नहीं लगाना." कंपनीचे साहेब म्हणाले, "सोमवारी ऑनलाइन स्क्रीन दाखवत माउसशिवाय काम करून दाखवा. जमलं तर तुमचं, नाहीतर दुसऱ्याला देतो." तो शुक्रवार होता. बाबांनी माउस लोखंडी कपाटात ठेवून किल्ली खिशात टाकली.

माझ्या स्क्रीनवर म्हणजे एक वसाहतच होती. एका बाजूला ब्राउझरची खिडकी, दुसऱ्या बाजूला टर्मिनलची, म्हणजे कॉम्प्युटरला हुकूम टाइप करून द्यायची. टर्मिनलचे चार कप्पे, त्यातल्या एका कप्प्यात प्रोग्राम लिहायचा एडिटर, आणि एडिटरचे पुन्हा तीन भाग. इकडून तिकडे जायला प्रत्येकाची बटणं वेगळी. माउस नसला की मी आपल्याच गल्लीत हरवायची. मग ठरवलं: डावीकडे म्हणजे डावीकडे. एक ऑल्ट दाबायचं आणि शेजारशेजारची चार अक्षरं, डावं, खाली, वर, उजवं. भिंत एडिटरची असो, टर्मिनलची असो की खिडकीची, बोटांना कळताच कामा नये.

शनिवारी दुपारी ते जमलं. बाहेर कूलर घरघरत होता, वाळ्याचा ओला वास घरभर, आणि मी एडिटरच्या एका भागातून दुसऱ्यात, तिथून टर्मिनलच्या कप्प्यात तरंगत चालले होते. पाय नाहीत, दारं नाहीत. डावीकडे, अजून डावीकडे, आता ब्राउझर, असं म्हणेपर्यंत सगळं गोठलं. कॉम्प्युटरचा पंखा असा ओरडायला लागला की वाटलं, हा आता छतावरून उडून थेट पलीकडच्या अशोका गार्डन वस्तीत उतरणार.

कारण समजायला संध्याकाळ झाली. एडिटर आपल्या कडेला पोचला की टर्मिनलला म्हणायचा, "माझ्याकडे पुढे जागा नाही, तू बघ." टर्मिनल बघायचं, अरे, इथे तर एडिटर बसलाय, आधी मान त्याचा! आणि बटण पुन्हा त्यालाच द्यायचं. तो परत याला. सेकंदाला हजारदा "तुम्ही आधी, तुम्ही आधी."

रविवारीही तेच. दुपारी मी कीबोर्डवर डोकं टेकलं. "गेलं काम," मी म्हटलं.

आई कढी ओतत होती. "झालंय काय पण?"

मी सांगितलं. ती हसायला लागली. "हे तर माझं नि भाभीचं झालं होतं!"

ही भाभी म्हणजे डावीकडची शेजारीण, लखनौकडची, अदबीची. आमच्या ओळीत वाट्या भिंतीवरून जायच्या. कोपऱ्यातल्या घरी द्यायचं असलं तरी आपण फक्त शेजारणीच्या हाती द्यायचं, ती पुढच्या भिंतीवरून पुढे. नवी असताना भाभीला वाटलं, वाटी तिलाच. रिकामी वाटी कशी परत करायची, म्हणून तिने शेवया भरून पाठवली. आईने त्यात चिवडा. तिने बर्फी. माझ्या हिशेबाने हे सात महिने चाललं आणि दोन्ही घरांतली माणसं इतकी सुटली की दारातून आडवं होऊन जावं लागायचं. कोपऱ्यातल्या घरासाठी निघालेली पहिली कढी मात्र तिथे पोचलीच नाही.

"मग थांबलं कसं?"

"झाकण उलटं ठेवायला लागलो. सुलटं म्हणजे तुझं. उलटं म्हणजे मागचीचं बघून झालंय, परतवू नकोस, पुढे दे." आईने तेवढ्यात कढीची वाटी भिंतीवर ठेवून हाक मारली, "भाभी, उलटा है!"

"आगे बढ़ा रही हूँ, दीदी!"

मी उठून बसले. एडिटरने बटण पुढे देताना त्यावर एक खूण ठेवायची: माझ्याकडे बघून झालंय. खूण दिसली की टर्मिनलने ते एडिटरकडे परतवायचं नाही. आपल्या डावीकडचा कप्पा बघायचा, तोही नसला तर शेजारच्या खिडकीला द्यायचं. पाच ओळी लागल्या. त्या खुणेला मी नावच "उलटं झाकण" दिलं.

सोमवारी साहेब तासभर बघत होते. शेवटी म्हणाले, "तुमचा माउसचा बाण दिसत नाहीये कुठे."

"कपाटात आहे," मी म्हटलं.

काम राहिलं. मनगटाची सूज उतरली. बाबांनी किल्ली पुढे केली तेव्हा मी म्हटलं, राहू द्या.

त्यानंतर कितीतरी दुपारी काम करता करता डोळा लागायचा आणि बोटं चालूच राहायची. डावीकडे, डावीकडे, शेवटची खिडकीही ओलांडून, भिंतीवरून, भाभीच्या अंगणातल्या मोगऱ्यावरून, कोपऱ्यातल्या घरापर्यंत. तिथे कढी अजून गरम असायची. शपथेवर सांगते, एकदा उठले तेव्हा बोटाला हळद होती.