बारवेच्या अलीकडचे सत्कार

आमच्या गावात माईक हातात धरायचा तर तो मीच. शाळेतून रिटायर झालो, पण सूत्रसंचालनातून मला कोण रिटायर करणार? सप्ता असो की साखरपुडा, "यानंतर मी विनंती करतो" हे माझ्याच तोंडून निघायचं. त्यामुळं जुन्या बारवा बघत फिरणाऱ्या पुण्याच्या लोकांची पहिली बस आमच्याकडं येणार म्हटल्यावर मी आठ दिवस आरशासमोर तयारी केली.

खरी तयारी वहिनीची होती. मोठा भाऊ गेल्यापासून ती दुसऱ्याच्या शेतात खुरपायला जायची. आता तिनं बारवेपाशी पत्र्याचं शेड टाकलं होतं, पावण्यांना जेवू घालायला. ही बस खूश होऊन गेली तर दुसरी येणार, न्हाईतर पुन्हा हातात खुरपं. पहाटपासून ती तीस माणसांच्या भाकरी थापत होती.

बस देवगाव फाट्यावरून वळून आली आणि आम्ही ती बारवेच्या अलीकडंच अडवली. मंडप, हलगी, हार! पावणा शाल-नारळ न घेता पुढं गेला तर गावाची इज्जत काय राहिली? आधी पावण्यांचा सत्कार. मग सत्कार करणाऱ्यांचा सत्कार. माजी सरपंच रुसू नयेत म्हणून त्यांचा, मग मंडपवाल्याचा, बसच्या ड्रायव्हरचा. प्रत्येकाला वर "दोन शब्द". पावणे माना लांब करून बारव शोधायलेत आणि मी आपला रंगात. शेवटी ड्रायव्हरच गळ्यातला हार सावरत म्हणाला, "मास्तर, अर्ध्या तासात निघावं लागंल. पुढं लय लांब जायचंय."

तशी वहिनी पिठाच्या हातानं मंडपात आली आणि माझ्या हातातला माईक काढून घेतला. "पावणेहो, उठा आता. खाली उतरून पायऱ्या बघा, वर येऊन जेवा. भाकरी गार व्हायल्यात."

अशा टाळ्या मला जन्मात पडल्या नव्हत्या. पावणे अक्षरशः पळत बारवेत उतरले. मग जेवायला बसले ते उठेचनात. घाई करणाऱ्या ड्रायव्हरनं तर पाच भाकरी हाणल्या. दुसरी बस तिथंच ठरली. अट एकच, सत्कार नको.

मी शेडमागं तोंड फुगवून बसलो. राग आला होता, खोटं कशाला बोलू! वहिनी माझं ताट घेऊन आली.

"भावजी, तुमी एवढी नावं घेतली," ती म्हणाली, "तुमच्या भावाचं न्हाई घेतलं."

मी उचललेला घास ताटात परत ठेवला. ही बारव गाळानं बुजली होती, वर बाभळी माजल्या होत्या. सगळं गाव हसत असताना भावानं एकट्यानं ती उकरायला घेतली. गाव मागून आलं. मीही मागूनच आलो.

आता बसा येतात. मी पाण्याजवळच्या पायरीवर उभा राहून माहिती सांगतो. माईक लागत नाही, आवाज आपसूक वर जातो. सुरुवात ठरलेली: "इथं पहिला टिकाव माझ्या मोठ्या भावानं मारला."

तेवढं वाक्य होईस्तोवर वर भाकरी थापायचा आवाज थांबलेला असतो.