तीन दिवस झाकून ठेवलेली गाडी

निवृत्तीनंतर बऱ्याच गोष्टी पुसट झाल्या, पण ती सकाळ अजून डोळ्यांसमोर येते, आणि येते ती धुक्यातूनच. तेव्हा मी दिंडोरी रस्त्यावरच्या एका ठाण्याचा प्रभारी होतो. द्राक्षांच्या विरळणीचे दिवस होते. धुकं इतकं दाट, की बागा, रस्ता, माणसं सगळं पाण्याखाली असल्यासारखं वाटत होतं. त्यातच कामाला पायी निघालेल्या एका मजूर बाईला गाडीने उडवलं आणि गाडी निघून गेली. मागून आलेल्या पिकअपवाल्याने तिला उचलून दवाखान्यात पोचवलं. मांडीचं हाड मोडलेलं, शुद्ध हरपलेली.

घटनास्थळाच्या पंचनाम्यात दिव्याच्या काचेचे तुकडे मिळाले. पिकअपचा पुढचा पत्रा चेपलेला होता आणि एक दिवा नवाकोरा दिसत होता. मला तेवढं पुरेसं वाटलं. पिकअप जप्त केली आणि त्या माणसाला रोज चौकशीला बोलावू लागलो. चेप जुनी आहे, दिवा दिवाळीच्या आधी बदललाय, हे तो पुन्हा पुन्हा सांगायचा. दुसऱ्या दिवशी मात्र मान खाली घालून एवढंच म्हणाला, "साहेब, मी थांबलो हीच माझी चूक का?"

मी त्याला उद्या पुन्हा यायला सांगितलं.

तिसऱ्या दिवशी दुपारी ठाण्यातला फोन वाजला. योगायोगाने मीच उचलला. पलीकडचा आवाज जड, सावकाश होता. त्याने एका गॅरेजचा ठावठिकाणा सांगितला. "दिवा फुटलेली गाडी तिथं झाकून ठेवलीये. पिकअपवाल्याला सोडा. गॅरेजवाल्यालाबी विचारा, त्याला सगळं ठाऊक हाय." फोन बंद झाला.

स्टेशन डायरीत नोंद करून, दोन पंच घेऊन आम्ही निघालो. गॅरेज म्हणजे चिंचेखालची पत्र्याची शेड. चिंचेची सावली जमिनीवर हलत होती, कुठेतरी रेडिओ बारीक आवाजात चालू होता. पन्नाशीचा मिस्त्री आम्हाला पाहून उठला आणि काही न विचारता त्याने निळी ताडपत्री ओढली. उजवा दिवा फुटलेला होता. पुढच्या जाळीत त्या बाईच्या हिरव्या लुगड्याचा धागा अडकला होता. चिखलसुद्धा पुसलेला नव्हता.

गाडी जवळच्या एका बागाईतदाराची होती. गॅरेजची जागाही त्याचीच. वीस वर्षांपूर्वी मिस्त्री रस्त्याकडेला बसून पंक्चर काढायचा, तेव्हा याच माणसाने त्याला ही जागा दिली होती. अपघाताच्या सकाळी गाडी आणून त्याने संध्याकाळपर्यंत दुरुस्त करायला सांगितलं. मिस्त्री म्हणाला, दिवा नाशकात मिळत नाही असं त्याने मालकाला सांगितलं, म्हणून काम राहिलं.

माझी नजर फळीवरच्या खोक्याकडे गेली. उघडलं तर आत त्याच गाडीचा नवा दिवा.

"मिस्त्री, दिवा मिळत नव्हता ना?"

त्याने हातातलं फडकं फळीवर ठेवलं. "खोटं बोललो, साहेब. पण तुमच्याशी नाय. मालकाशी. रोज फोन यायचा, रोज सांगायचो, माल आला नाय. त्यांचं नाव माझ्या तोंडून निघंना आन् त्या धाग्याला हात लावायला हात धजंना."

मी चमकलो. हा जड, सावकाश आवाज मी तासाभरापूर्वीच ऐकला होता.

"फोन तुम्हीच केलात."

त्याने होकारार्थी मान हलवली. पिकअपवाला रोज ठाण्यात खेटे घालतोय, हे त्याला त्याच दिवशी सकाळी चहाच्या टपरीवर कळलं होतं.

पुढचं काम कागदाचं होतं. काचा जुळल्या, बागाईतदाराने कबूल केलं, दोषारोपपत्र गेलं. पिकअपवाल्याची मी माफी मागितली. तो ओशाळून हसला, त्याचंच मला जास्त लागलं. बाई सहा महिन्यांनी काठीच्या आधाराने चालू लागली. मिस्त्रीची जागा मात्र गेली. दोन वर्षांनी नाशकाच्या दुसऱ्या टोकाला त्याने पुन्हा शेड टाकली.

जबाब लिहून घेताना मी त्याला विचारलं होतं, "पिकअपवाला अडकला नसता, तर फोन केला असता?"

साक्षीदार अशा वेळी छातीवर हात ठेवून 'हो' म्हणतात. त्याने विचार केला आणि म्हणाला, "केला असता असं वाटतं, साहेब. पण खात्री देत नाय."

अख्ख्या नोकरीत हजारो जबाब घेतले. शपथा, आणाभाका, देवाची नावं ऐकली. माणूस ओळखता येतो अशी घमेंडही होती. ती त्या पिकअपवाल्याने उतरवली. आणि विश्वास कुणावर टाकावा, हे त्या एका वाक्याने शिकवलं. गावात चांगला मिस्त्री कोण, असं अजून कुणी विचारलं, की मी त्याच शेडचा रस्ता सांगतो. माझी गाडीही तिथेच जाते. ती त्याच्या हवाली करून येताना मी कधी मागे वळून बघत नाही.