बोकेरोनच्या लढाईत सासऱ्याची जागा

बसच्या नोकरीतून मोकळा झाल्यावर क्रिस्पिन रीव्हासने घरातलं जेवणाचं टेबल बोकेरोनच्या लढाईच्या देखाव्याला देऊन टाकलं. तेव्हापासून त्याची बायको झुनिल्दा सगळ्यांना ओसरीत वाढायची. "चाकोचा मुलूख आपण राखला, पण माझं टेबल गेलं," असं ती येणाऱ्या-जाणाऱ्याला ऐकवायची.

टेबलावर बोलिव्हियाने बळकावलेलं ठाणं, काटेरी झुडपं, खंदक आणि भाजक्या मातीचे बोटभर शिपाई. सगळे अनवाणी, लढले होते तसेच. पाराग्वाईच्या शिपायाला बूट चढवले असते तर गावाने क्रिस्पिनला फाडून खाल्लं असतं. आता जागेवर बसवायचा उरला होता एकच शिपाई, सासरा. सालुस्तियानो त्या लढाईत खरोखरच लढला होता, पण आपण नेमके कुठे होतो हे काही त्याचं ठरत नव्हतं. एका रविवारी मोठ्या झाडाखाली, दुसऱ्या रविवारी मशीनगनपाशी.

"मामा, तुम्ही लढत होतात की फिरत होतात?"

"गोळ्या सुटल्या असत्या ना जावईबापू, तर तूही फिरला असतास!"

क्रिस्पिन हसायचा खरा, पण आतून धास्तावला होता. त्या हिवाळ्यात म्हाताऱ्याची छाती भरली आणि तो मरता मरता वाचला. "त्यांच्या डोळ्यांदेखत पुरं झालं नाही, तर मी केलं कुणासाठी?" तो झुनिल्दाला म्हणाला.

म्हणून बोकेरोनच्या विजयदिनी त्याने शेजारीपाजारी जमवले. झुनिल्दाने चीज घातलेल्या टोपलीभर चिपा भाजल्या. म्हाताऱ्याला खुर्चीत बसवून क्रिस्पिनने बंदूक रोखलेला तो शेवटचा शिपाई त्याच्या तळहातावर ठेवला. "आज तुम्हीच ठेवा. ठेवाल तिथे चिकटवतो."

म्हातारा वाकला. बराच वेळ ठाण्यात डोकावत राहिला.

"आत कुणीच नाही रे."

"कोण हवंय आत?"

"बोलिव्हियावाले! आम्ही काय रिकाम्या ठाण्यावर गोळ्या झाडत होतो?"

घर हसून हसून लोळायचं बाकी राहिलं. क्रिस्पिनचं तोंड मात्र एवढंसं झालं. इतकी वर्षं गाव येऊन बघून गेलं, आणि एकाच्याही ध्यानात आलं नव्हतं. शत्रूला आपल्या हातांनी कोण घडवतो?

म्हातारा हसत नव्हता. "ते शरण आले ना, तेव्हा त्यांच्यातला एक बाहेर येऊन माझ्यासमोरच बसला. ओठ फाटलेले. माझ्या बाटलीत घोटभर पाणी होतं, त्यातलं अर्धं त्याला दिलं. मला त्या लढाईतलं तेवढंच धड आठवतं. आता तोच नाही, तर मी एकटा कुठे उभा राहू?"

झुनिल्दानेच उठून माती भिजवली.

क्रिस्पिन तिथेच मांडी ठोकून बोलिव्हियाचा शिपाई घडवायला बसला. "गुडघे वाकव," म्हातारा सांगत होता. "माझ्याहून बारीक कर. बूट दे त्याला. फाटके."

ओला शिपाई म्हाताऱ्याने स्वतः ठाण्याच्या तोंडाशी बसवला आणि त्याच्यासमोर स्वतःला ठेवलं. मग कपाळाला आठ्या घालून म्हणाला, "माझ्या हातातली बंदूक काढ."

"मामा, मोडेल ती."

"मोडू दे."

साऱ्या फौजेत क्रिस्पिनने सगळ्यात जीव लावून केलेली बंदूक तीच. त्याने ती नखाने टचकन मोडली.

"आता झाली लढाई," म्हातारा म्हणाला, आणि चिपासाठी हात पुढे केला.