टोकदार कमानींखाली

काल सात रस्ता चौकातल्या माझ्या ऑफिसात वीज गेली. मेणबत्ती लावली आणि त्या वासानं मी थेट म्हैसूरच्या उंच चर्चमध्ये पोचले.

दहावीच्या सुट्टीत आम्ही तिथं गेलो होतो. घरात माझ्या लग्नाची बोलणी चालू होती. गवंडीकाम करणारे माझे वडील, अण्णा, मान मागं टाकून टोकदार कमानी बघत होते. रंगीत काचांतला उजेड त्यांच्या भेगाळलेल्या हातांवर पडला होता.

"अण्णा, मला लग्न नको. असं बांधायला शिकायचंय."

"लई वर्षं लागत्याल की."

"लागू देत."

"मग शीक. पाव्हण्यांना मी सांगतो."

किती सहज हो म्हणाले, असं तेव्हा वाटलं. त्यासाठी ते भावकीशी वर्षभर एकटे भांडले, हे मी इंजिनीअर झाल्यावर आईनं सांगितलं.