ऑर्कने मंत्र म्हणायचे नाहीत म्हणे!

शनिवारी संध्याकाळी घरी आले की नवरा विचारतो, "आज काय झालं?" मी सांगायला लागते आणि दुसऱ्याच वाक्याला त्याचा चेहरा कोरा होतो. कारण किस्सा असतो दोन मिनिटांचा, आणि त्याआधी गेम समजावण्यात वीस मिनिटं जातात! त्यामुळे गेल्या तीन वर्षांचे किस्से माझ्याकडे नुसते साठून राहिलेत. आज ते मोकळे करते. गेम मात्र एकदाच समजावणार, नीट ऐका.

इंग्लंडमधल्या ब्रॅकनेल गावाच्या एका कम्युनिटी सेंटरमध्ये आम्ही पाच जण शनिवारी दुपारी टेबलाभोवती बसतो. प्रत्येकाने एक पात्र बनवायचं, त्याच्या वतीने बोलायचं, लढायचं. जमलं की फसलं ते फासा ठरवतो. पात्राच्या कागदावर पहिल्या दोन ओळी महत्त्वाच्या. एक रेस, म्हणजे तो नाजूक एल्फ आहे, बुटका ड्वॉर्फ आहे की आडदांड ऑर्क. दुसरी क्लास, म्हणजे तो करतो काय. लढवय्या, जादूगार, वैद्य, चोर, असं काहीही. आता ऑर्कला ताकदीत दोन गुण जास्त आणि बुद्धीत दोन कमी. म्हणून ऑर्कने लढावं, एल्फने जादू करावी, असं सगळं 'सूट' होणं आधीच ठरलेलं. गेम चालवतो आमचा समीर, पुण्याचा, सॉफ्टवेअरवाला. त्याने लॅपटॉपवर याचा एक रंगीत तक्ताच करून ठेवला होता. जमणाऱ्या जोड्या हिरव्या, न जमणाऱ्या लाल.

आमच्या टेबलावर आजवर एकानेही हिरवी जोडी घेतलेली नाही!

*

कीथ हा आमच्यातला एकटा इंग्रज. रिटायर्ड बस ड्रायव्हर, सत्तरी ओलांडलेला, एक गुडघा बदललेला. त्याच्याशी सगळं इंग्रजीत चालतं, मी आपलं मराठीत सांगते.

त्याने ड्वॉर्फ घेतला. समीर खूश. "छान! ड्वॉर्फ लढवय्या. एकदम भक्कम."

"नाही," कीथ म्हणाला, "नर्तक."

"कीथ, ड्वॉर्फचे पाय आखूड असतात. चपळाई कमी. नाचणं त्याला सूट होत नाही."

"तीस वर्षं मी एका सीटवर बसून नोकरी केली," कीथ शांतपणे म्हणाला. "मला काय सूट होतं ते तेव्हा बाकीच्यांनी ठरवलं. आता माझा माणूस नाचणार."

पहिल्याच लढाईत चार राक्षस चालून आले. कीथ म्हणाला, "मी नाचतो."

"राक्षसांच्या समोर?"

"समोरच. मागे नाचलो तर बघणार कोण?"

आणि खरंच उठला! बदललेल्या गुडघ्यासकट त्याने टेबलाशेजारी एक अख्खी गिरकी घेतली. शेजारच्या हॉलमधल्या योगा क्लासच्या बाई दारात येऊन उभ्या राहिल्या. मग त्याने फासा टाकला. वीस! आमच्या फाशावर वीसच्या वर काही नाही. समीरने कपाळाला हात लावला आणि म्हणाला, "राक्षस टाळ्या वाजवतायत."

*

डॉक्टर प्रज्ञा नागपूरची. इथल्या हॉस्पिटलमध्ये ॲनेस्थेटिस्ट आहे, म्हणजे भूल देते. ती पहिल्यांदा आली त्या दिवशी समीरने तिचा कागद न विचारताच भरून ठेवला होता. एल्फ, वैद्य.

"तू डॉक्टर आहेस ना, म्हटलं तुला हे अगदी..."

"सूट होईल?" प्रज्ञाने कागद उलटा केला. "समीर, सोमवार ते शुक्रवार मी लोकांना सुया टोचते आणि 'काही होणार नाही हं' म्हणते. शनिवारी मला कुऱ्हाड पाहिजे!"

तिने घेतली नोम, म्हणजे गुडघ्याएवढी चिमुकली बाई. आणि कुऱ्हाड घेतली तिच्याहून मोठी.

"उचलता येणार नाही तुला," समीर म्हणाला.

"फरपटत नेईन."

वर्षभर नेली! आम्हाला कुठे चोरपावलांनी जायचं असलं की समीर फक्त म्हणायचा, "खर्रर्र..." की उठले सगळे पहारेकरी!

*

सई माझी मुलगी. वय सोळा, जन्म इथलाच. मराठी धडाधड बोलते, पण शब्द 'तो' की 'ती' हे बहुतेक फासा टाकून ठरवते.

समीर तिला म्हणाला, "सई, तू हाफ-एल्फ घे. अर्धी एल्फ, अर्धी माणूस. तुला छान सूट होईल, अर्धी इकडची, अर्धी तिकडची."

बोलला तो प्रेमानेच. पण सईने पेन्सिल खाली ठेवली.

"समीरकाका, मी हाफ नाही. मी फुल आहे. दोन्ही बाजूने फुल." आणि कागदावर ठसठशीत अक्षरांत लिहिलं, फुल एल्फ, फुल ह्यूमन.

"असा रूल नाहीये गं."

"मग तुझी रूल हाफ आहे!"

"तुझा रूल," मी सवयीने सुधारलं.

ती गर्रकन माझ्याकडे वळली. "आई, माझा मराठी पण फुल आहे!"

*

आता माझं. माझी एल्फ ढाल घेऊन सगळ्यांच्या पुढे उभी राहते. लाल जोडी. दर लढाईत मायनस दोन. सवय झालीय.

मी एका कंपनीत सॉफ्टवेअर टेस्टिंग करते. एकदा क्लायंटसमोर प्रेझेंटेशन होतं. काम सगळं माझं, पण मॅनेजर म्हणाला, "मंजू, तू डिटेल्समध्ये उत्तम आहेस. लोकांसमोर बोलणं तुला तितकंसं सूट होणार नाही. दुसऱ्या कुणाला तरी देऊ या."

माझ्या तोंडून निघून गेलं, "मायनस दोन चालेल मला."

"मायनस दोन काय?"

"काही नाही. प्रेझेंटेशन मी करतेय."

पहिल्या स्लाइडला माझा आवाज फुटेना. तिसऱ्या स्लाइडला क्लायंटने असा प्रश्न विचारला, की त्याचं उत्तर त्या खोलीत फक्त मला माहीत होतं. तेव्हापासून सगळी प्रेझेंटेशन्स मीच करते. पहिल्या स्लाइडला आवाज अजूनही फुटत नाही!

*

समीरची आई, सुलभाकाकू, सहा महिन्यांसाठी इकडे आल्या होत्या. घरात एकट्या कंटाळतील म्हणून समीर त्यांना आमच्यात घेऊन यायचा. त्या बाजूच्या खुर्चीत सुडोकू सोडवत बसायच्या. एका शनिवारी त्यांनी समीरच्या लॅपटॉपमध्ये डोकावून पाहिलं.

"काय रे, रेस म्हणजे जात ना?"

"तसं नाही गं आई. म्हणजे... प्रकार."

"आणि क्लास म्हणजे धंदा?"

"हं."

"म्हणजे कुठल्या जातीने कुठला धंदा करावा, त्याचा तक्ता आहे हा?"

"आई, नुसतं गुणांचं गणित आहे ते!"

"माझ्या सासऱ्यांकडेही होतं हे गणित," काकू म्हणाल्या. "त्यात रंग नव्हते, एवढंच."

पहिली हसली ती प्रज्ञा. इतकी हसली की तिला ठसका लागला. समीर हसला नाही. त्याने हळूच लॅपटॉप मिटला आणि तो तक्ता आम्ही पुन्हा कधी पाहिला नाही. ठसका थांबल्यावर प्रज्ञाने आपल्या कुऱ्हाडवालीचा कागद फोल्डरमध्ये ठेवून दिला आणि एक कोरा कागद पुढे ओढला.

"माझी नवीन बाई. ऑर्क. जादूगार."

"सगळ्यात लाल जोडी होती ती," समीर पुटपुटला.

"म्हणूनच!"

*

त्यानंतर महिन्याभराने वेम्बलीहून एक पाहुणा खेळायला आला. निखिल, समीरच्या ओळखीचा. सगळे रूल्स तोंडपाठ. बसला नेमका प्रज्ञाशेजारी आणि तिचा कागद वाचून हसला.

"ऑर्क जादूगार? फुकट घालवतेयस कॅरेक्टर. बुद्धी त्यांच्या रक्तातच नाही ना! पर्सनली घेऊ नकोस हं, रूल आहे."

प्रज्ञा कधी आवाज चढवत नाही. तेव्हाही नाही चढवला.

"माझ्या आजीला शाळेत वर्गाबाहेर बसवायचे, दाराशी. कारण हेच सांगायचे. तेही पर्सनल नव्हतं, रूल होता." निखिलचे कान लाल झाले. "तिथे बसून ती चौथीपर्यंत शिकली. आता तुझी पाळी आहे. खेळ."

आम्ही तेव्हा एका अंधाऱ्या गुहेत अडकलो होतो. निखिलनंतर पाळी आली तशी प्रज्ञाच्या ऑर्कने उजेडाचा मंत्र म्हटला. खरं सांगते, मी मनातल्या मनात हात जोडले होते. फाशावर पडला एक! मंत्र फसलाच, वर ऑर्कच्या भुवया जळाल्या.

"परत," प्रज्ञा म्हणाली.

दुसऱ्या फेरीत चार. फसला. "परत."

तिसऱ्या फेरीत सात. "परत."

आता कीथसुद्धा टेबलाची कड घट्ट धरून बसला होता. निखिल कुणाकडेच बघत नव्हता. पाचव्या फेरीत एकदाचं जमलं. उजेड पडला तो मेणबत्तीएवढाच.

प्रज्ञाने निखिलकडे पाहिलं. "तुझं पात्र माणूस आहे ना? रूलप्रमाणे तुला अंधारात दिसत नाही. ये माझ्या मागून!"

*

काकू परत जायच्या आधी आम्ही सगळे एक दिवस लेस्टरला गेलो. तिथे एका हॉलमध्ये दिवसभर असे गेम होते. कुणीही यावं, कुठल्याही टेबलाशी बसावं. तिथल्या गुजराती दुकानांच्या बेलग्रेव्ह रोडवर पोटभर कचोऱ्या खाऊन आम्ही पोचलो. काकू आमच्याबरोबर नुसत्या बघायला आल्या होत्या, साडीखाली स्नीकर्स घालून. एका टेबलाशी एक खुर्ची रिकामी होती. त्या सरळ जाऊन बसल्या.

"मी खेळणार."

ते टेबल चालवणारा बेन दाढीवाला, हसतमुख, मनाने चांगला मुलगा. तो सावकाश म्हणाला, "यांना एखादी प्रेमळ वैद्य देऊ का? एल्फ वैद्य? छान सूट होईल." समीरने आईला ते मराठीत सांगितलं.

काकूंनी मान हलवली. "त्याला विचार, सगळ्यात मोठं कोण?"

"जायंट," बेन म्हणाला. "नऊ फूट उंच."

"ती मी. आणि काम कुठलं, तर लपून राहायचं, कुणाला दिसायचं नाही."

"म्हणजे चोर?" बेन हसला. "पण नऊ फुटांची बाई लपणार कशी? ती तर सगळ्यांना दिसेल!"

समीरने तेही सांगितलं. काकूंनी चष्मा काढला, पदराने पुसला.

"त्याला सांग, आठ माणसांच्या घरात मी चाळीस वर्षं वावरले. प्रत्येकाला सगळं हातात दिलं. एकदाही कुणी मान वर करून बघितलं नाही. लपायचं कसं ते मला शिकवू नकोस म्हणावं."

आता बेन समीरकडे बघत होता. मी समीरकडे बघत होते. प्रज्ञाही.

"सांग ना रे," काकू म्हणाल्या.

समीर टेबलाकडे बघत राहिला.

काकूंनी चष्मा चढवला, फासा स्वतःच उचलला आणि बेनच्या डोळ्यांत बघून म्हणाल्या,

"आय विल हाइड. यू फाइंड!"