नाव घेऊन ये

“तात्या, गाल फुगव.”

शनिवारी सकाळी तो एवढंच म्हणाला. मी फुगवला. दात गेल्यापासून माझे गाल आत बसलेत, वस्तरा खड्ड्यात नीट फिरत नाही. म्हणून मी तोंडात वारं धरायचं, त्यानं दोन बोटांनी कातडं ताणायचं आणि एका हातात गाल साफ. मग तुरटी, मग मानेवर गार पाण्याचा हात. आम्ही दोघांनी मिळून केलेलं शेवटचं काम ते. बाकी बोलणं काही नाही. पंख्याला तेल घालायचंय म्हणाला.

सोलापुरात आमच्या गल्लीवरून तुमच्यापैकी कुणी गेला असेल तर त्यानं ते दाढीचं दुकान बघितलं असेल. एक खुर्ची, एक बाकडं, कडेनं पारा उडालेला आरसा. बाकड्यावर माणसं आणि माणसांच्या हातात फोन. मी चौथीपर्यंत शिकलेला माणूस. तीस वर्षं टॉवेलच्या कारखान्यात मागावर काढली. मला गोड करून लिहायला जमत नाही. झालं तसं सांगतो.

त्याची एक रीत होती. दाढी चालू असताना कुणी फोन पुढं केला, “हे बघा मालक, कसा चिरडलाय,” की वस्तरा जागच्या जागी थांबायचा.

“नाव काय त्याचं?”

“कुणाला ठाऊक? ग्रुपवर आलंय.”

“मग नाव घेऊन ये. तोवर ऊठ.”

आणि गळ्याभोवतीचं फडकं काढून झटकायचा. एक गाल साफ, एक गाल साबणाचा, असा माणूस रस्त्यावर. आमच्या गल्लीत अर्ध्या दाढीचा माणूस दिसला की बायका तोंडाला पदर लावून विचारायच्या, “काय दाखवलंस रे फोनवर?”

काही जण कोपऱ्यापर्यंत जाऊन परत यायचे आणि ठोकून द्यायचे, “रमेश.” तो म्हणायचा, “बरं. घरात कोण कोण हाय रमेशच्या?” तिथं गाडी अडायची. किती गिऱ्हाईकं शिव्या देऊन कायमची तुटली. त्याला फिकीर नव्हती. स्वतःकडं साधा बटणाचा फोन, तोही बहुतेक वेळा बंद.

मी त्याला येडा म्हणायचो. तोंडावर म्हणायचो. मग माझी पाळी आली.

वैरागच्या रस्त्यावर उसाची ट्रॉली उलटून एक माणूस खाली सापडला होता. त्याचा फोटो माझ्या फोनवर आला. मी तो दहा जणांना पाठवला आणि खाली लिहिलं, ‘उसाबरोबर ह्याचाबी रस निघाला.’ लोकांनी हसरी तोंडं पाठवली. मला बरं वाटलं. खोटं कशाला सांगू, बरं वाटलं. दुसऱ्या दिवशी खुर्चीत बसून तेच मोठ्यानं वाचून दाखवलं.

वस्तरा थांबला.

“नाव काय त्याचं?”

“आता मला बी उठवतोस का? तीस वर्षं येतोय हितं.”

“तर मग तुला ठाऊक असंल की. ऊठ, तात्या.”

मी तरातरा पुढच्या चौकातल्या दुकानात गेलो. तिथला म्हणाला, “अर्धी केलेली दाढी दुसरा धरत न्हाय, काका. आमच्यात चालत न्हाय ते.” घरी आलो. महादेवी, माझी बायको, भाकरी थापत होती. तिनं एकदा माझ्या तोंडाकडं बघितलं, हात धुतले, खिडकीतला आरसा आणि माझं दाढीचं सामान उचललं आणि ट्रंकेत घालून कुलूप लावलं.

“अगं, हे काय?”

“नाव आणा की आधी. अर्ध्या तोंडाला जेवायला वाढत न्हाय मी.”

पण दोन भाकरी आणि शेंगाची चटणी फडक्यात बांधून दिली. म्हणजे मला वैरागला धाडायचं तिनं ठरवलंच होतं.

एस.टी.त शेजारची जागा रिकामीच राहिली. उतरून विचारत विचारत ते घर सापडलं. पत्र्याचं घर, दारात चार माणसं गप्प बसलेली. मी उंबऱ्यापाशी उभा राहिलो. आतून त्याची बायको आली. तिनं माझ्या तोंडाकडं बघितलं. साबण वाळून पापडी झालेली, एका बाजूला खुंट तसेच. आणि तिला हुंदका फुटला.

“ऐकलं तशी दाढी टाकून आलात व्हय, दादा? एवढं कोण लागत व्हता तो तुमचा?”

खरं कुठल्या तोंडानं सांगणार? दोन्ही बाजू खोट्या होत्या.

“मी कोण न्हाय, बाई. नाव विचारायला आलोय.”

“सोपान,” ती म्हणाली. मग तिनं मला बसवलं, चहा दिला आणि न विचारता सांगत राहिली. सोपान जन्मभर ऊस वाहायचा, पण दात लवकर गेले म्हणून कांडं कधी खायचा नाही. लेकीनं सोलून बारीक तुकडे करून दिले तरी नुसतं चोखायचा आणि म्हणायचा, गोड हाय. ते ऐकताना मी माझ्या बिनदाताच्या तोंडात जीभ फिरवली. ‘रस निघाला’ हे मीच लिहिलं होतं.

परत आलो तेव्हा तो दुकान बंद करायला निघालेला. मला बघून फळी पुन्हा उघडली.

“नाव काय त्याचं?”

“सोपान.”

“घरात?”

“बायको. एक लेक.”

“सोपान,” तो स्वतःशीच म्हणाला, ब्रश ओला केला आणि माझा दुसरा गाल साबणानं भरला. उपदेश नाही, टोमणा नाही. जिथं थांबला होता बरोबर तिथून वस्तरा पुढं नेला. त्या दिवशी मला पहिल्यांदा त्याची भीती वाटली. देवळात मोठ्या मूर्तीपुढं वाटते तसली.

पुढं एकदा मी विचारलं होतं, हे खूळ कुठून शिरलं तुझ्या डोक्यात. तो म्हणाला, “खूळ कसलं? माणूस हितं येतो, मान वर करतो, डोळं मिटतो. गळा माझ्या हातात असतोय. त्या टायमाला मी चेष्टा केली तर चालंल का तुला? त्या फोटोतला बी तसाच पडलेला असतोय की. मिटल्या डोळ्यांनी.” आणि गिऱ्हाईकाच्या कानावरचे केस काढायला लागला.

दोन वर्षांमागं महादेवी मंद्रूपला बहिणीकडं गेली होती. येताना एस.टी. चुकली म्हणून टमाट्याच्या टेम्पोत बसली. टेम्पो उलटला. रस्ताभर टमाटे आणि त्यांच्यामध्ये ती. लोक गोळा झाले. काहींनी तिला उचललं, काहींनी टमाटे उचलले आणि कुणीतरी फोटो काढला.

पंधरा दिवस मी दाढी केली नाही. सोळाव्या दिवशी जाऊन बाकड्यावर बसलो. खुर्चीत एक रिक्षावाला होता, पलीकडच्या गल्लीतला. अर्धी दाढी झाली होती. त्यानं हसत फोन वर धरला.

“हे बघा मालक. लिवलंय काय तर, टमाटे म्हाग, म्हातारी फुकट!”

मला आरशातून वस्तऱ्याचा हात दिसत होता. त्यानं वस्तरा गालापासून लांब नेला. माझ्याकडं बघितलं नाही. मला वाटतं, बघायची हिंमत झाली नाही त्याची.

“नाव काय तिचं?”

“कोण जाणे. टमाटेवाली असंल.”

“महादेवी,” मी बाकड्यावरून म्हणालो.

रिक्षावाल्यानं वळून माझ्याकडं बघितलं, मग फोनकडं, मग परत माझ्याकडं.

“ऊठ,” तो म्हणाला.

“अवो मालक, नाव कळलं की आता!”

“तुला कळलं न्हाय. तुझ्या कानावर पडलं.”

संध्याकाळी दार वाजलं. रिक्षावाला उभा, अर्धा गाल तसाच. पायात चप्पल नव्हती, बाहेर काढून ठेवलेली. “काका, काकूंचं नाव काय?” म्हणाला आणि मान खाली घातली. माझा हात शिवशिवला. मुस्काटात मारावी असं मनात आलं. पण त्याच्या गालावर वाळलेला साबण दिसला आणि मला वैरागचा उंबरा आठवला.

“आत ये. चहा टाकतो.”

ती गेल्यावर मी पहिल्यांदा चूल पेटवली. साखर जास्त पडली. त्याला सगळं सांगितलं. आरसा ट्रंकेत घातला होता तेही सांगितलं. तो हसला, मग रडला. मी पण. तोवर मला कुणापुढं रडायला आलं नव्हतं.

शनिवारी माझा गाल ताणणारा तो सोमवारी दुपारी गेला. दुकान बंद असतं त्या दिवशी, पण पंख्याला तेल घालायला म्हणून उघडलं होतं. स्टुलावरून उतरला, स्वतःच्याच खुर्चीत बसला आणि तिथंच मान मागं टाकली. डोळे मिटलेले.

संध्याकाळी त्याचा फोटो माझ्या फोनवर आला. खुर्ची तीच, आरसा तोच. खाली लिहिलेलं, ‘गिऱ्हाईकाची वाट बघून मालक थकले.’ मागं मागं विचारत गेलो, कुणाकडून आला, त्याला कुणी दिला. शेवटी कळलं, कोपऱ्यावरच्या नव्या इमारतीत राहायला आलेल्या एका माणसानं जाता जाता काढला होता.

त्या खुर्चीतल्या मालकाचं नाव मी इथं लिहिलेलं नाही. विसरलो म्हणून नाही. बसल्या जागी मिळालेलं नाव त्याला कधी चाललं नसतं. पाहिजे तर आमच्या गल्लीत या. चहा पाजीन, घरात कोण कोण आहे तेही सांगीन.

मंगळवारी सकाळी मी ट्रंक उघडली. तेव्हापासून आतच राहिलेला आरसा काढून खिडकीत लावला. साबण लावला. गाल फुगवला, स्वतःच दोन बोटांनी कातडं ताणलं आणि उजवी बाजू केली. दोन ठिकाणी कापलं. डावी तशीच ठेवली. मग सदरा घातला, फोन खिशात टाकला आणि त्या नव्या इमारतीचा जिना चढलो. दोनदा दम खायला थांबलो.

दार उघडलं. तो माणूस माझ्या तोंडाकडं बघतच राहिला.

मी फोटो त्याच्यापुढं धरला.

“नाव काय ह्याचं?”